पस्तीस आणि चाळीसच्या मधे

दोरी आधी रात्रभर भिजवायची.
हे मला शिवणकामाने शिकवलं, समुद्राने नाही:
कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय
त्याला कात्री लावू नये.
पांढरी नायलॉनची दोरी बादलीत आटते,
आणि आटायचं ते इथेच, खोर फक्कानच्या या न्हाणीघरात
आटलेलं बरं.
खाली नको.

मग कॉरिडॉर. तिसरा मजला,
लिफ्टपासून झुबेरभाईंच्या दारापर्यंत साडेबारा फरश्या,
म्हणजे बरोबर पाच मीटर.
दोन टोकांना दोन खिळे, वॉचमनला विचारून ठोकलेले.
भर दुपारी, सगळी बिल्डिंग एसीत निजलेली असताना
मी खिळ्यापासून खिळ्यापर्यंत जाते, परत येते.
दोरी ना ताठ ना सैल,
कमरेचं माप घेताना टेपच्या आत एक बोट ठेवतात, तेवढी.

पाचाला मेणवलेल्या दोऱ्याचे सात वेढे.
दहाला एक गाठ, विसाला दोन,
मधल्या पाचांना पुन्हा वेढे.
रंग नाही. पहिल्या रीळला मी लाल रेशीम गुंडाळलं होतं,
हौसेने.
रोनेल हसला. म्हणाला, दीदी, खाली लाल काळा होतो.
मी मशीनवरून उठून खिडकीशी गेले.
एवढं निळं पाणी,
त्याला लाल ठाऊकच नाही.

म्हणून गाठी.
गाळ उठला की हातमोज्यातल्या बोटांना वाचता येतील अशा.
मी स्वतः गुडघ्यापलीकडे कधी गेले नाही,
शुक्रवारी कॉर्निशवर, सलवार दुमडून, चपला हातात.
रोनेल म्हणतो, जाताना कुणीही जातं.
मोजायचं असतं येताना.

बाबा दोरी वावांनी मोजायचे,
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, दोन्ही हात पसरून, छातीवरून,
बारा वाव, चौदा वाव, ओठ न हलवता.
शेजारच्या गाबताचे चौदा वेगळे यायचे.
ज्याचे हात आखूड
त्याचा समुद्र खोल.

मार्चमध्ये भावाचा फोन आला तेव्हा
मी पस्तीसच्या खिळ्याशी होते.
हद्द कायम करायचीय म्हणाला, मोजणीवाले सोमवारी येतायत,
तू तेवढं हक्कसोडपत्र दे पाठवून,
दुबईला वकिलातीत सही होते म्हणे.
फोन खांद्यात धरून मी म्हटलं, करते रे.
आंबे धरले का, विचारलं.
वहिनीचा गुडघा विचारला.
आणि गाठी मारल्या.

गुरुवारी रोनेलने रीळ मशीनवर आणून ठेवलं.
पस्तीसपर्यंत सगळं बरोबर, म्हणाला,
पुढची गाठ लवकर येते.
रागावला नाही. बोट फिरवून दाखवलं फक्त,
चार मीटर. तिथे पाच हवेत.
त्याच्या कामात चुकीला वाव नसतो, हे मला त्याला
माझ्या हिंदीत सांगायचं होतं,
आणि हेही, की आमच्यात जागेला आणि मापाला
हा एकच शब्द आहे.
जमलं नाही. चहा केला.

रात्री सगळ्या गाठी सोडवल्या.
नुसती चुकलेली नाही, पहिल्यापासून.
ओली गाठ सुटत नाही, टाचणीने उकलावी लागते,
नखं दुखतात.
सगळी दोरी पुन्हा बादलीत.
कागद मशीनच्या खणात, टेपखाली, तसाच.

सकाळी भावाला मीच फोन लावला.
किती गुंठे रे माझ्या वाट्याचे?
तिकडे कुणीतरी पंप चालू केला, किंवा त्यानेच केला असेल.
तुला काय करायचंय, तिथे बसून?
मोजायचंय, म्हटलं.

दहा. वीस. झुबेरभाई दार उघडून
दोरी ओलांडून गेले, सलाम करून.
तीस. पस्तीसला सात वेढे,
फोन आत, उशीखाली.
चाळीस.
चार गाठी. दातात धरून आवळल्या.
खारट नव्हत्या अजून.